लवूच्या साच्यातला तीळ

लवूला डावं-उजवं कळत नाही. ही त्याची नालस्ती नाही, त्याच्या धंद्याने त्याचं तसं झालंय. रिक्षात बसला की तोंडाने "उजवीकडे घे" म्हणतो आणि हात डावीकडे दाखवतो. मरोळच्या नाक्यावरचे जुने रिक्षावाले आता त्याच्या तोंडाकडे लक्षच देत नाहीत, आरशातून हात बघतात आणि बरोबर पोचवतात. चाळीस वर्षं जो माणूस चेहरे आतल्या बाजूने बघतो, त्याच्याकडून आणखी कसली अपेक्षा करणार?

लवू प्लास्टरचे साचे करतो. साचे रबरी बाहुल्यांचे, म्हणजे ज्यांच्यात हात घालून बोटं हलवली की ज्या तोंड वेंगाडतात, डोळे बारीक करतात, रुसतात, त्या बाहुल्यांचे. मी घाटकोपरच्या एका शाळेत तीस वर्षं मराठी शिकवलं आणि निवृत्त झाल्यापासून पोरांसाठी हातबाहुल्यांचे खेळ करते. माझ्या सगळ्या बाहुल्या लवूच्या साच्यातून निघालेल्या आहेत. मी त्याला तोंडावर अहो-जाहो करते आणि माघारी अरे-तुरे. हे सगळं माघारी लिहितेय.

त्याचा गाळा मरोळच्या औद्योगिक वसाहतीत, एका फायबरच्या कारखान्याच्या पाठीमागे आहे. गाळा कसला, दहा बाय बाराची खोली. तीन भिंतींना छतापर्यंत फळ्या आणि फळ्यांवर दोरीने बांधलेले पांढरे ठोकळे. बाहेरून सगळे सारखेच. कुठल्यात राजा आहे आणि कुठल्यात बेडूक, ते लवूलाच माहीत, आणि बऱ्याचदा त्यालाही नाही.

काम सांगायला सोपं आहे. आधी शाडूचा चेहरा करायचा. तो अर्धा झाकून उरलेल्या अर्ध्यावर प्लास्टर ओतायचं, ते घट्ट झालं की त्याला साबणपाणी फासायचं आणि दुसरा अर्धा ओतायचा. दोन्ही भाग उघडून आतली माती खरवडून काढली की साचा तयार. शाडूचा चेहरा त्यात मरतो, तो पुन्हा मिळत नाही. मग साचा चांगला आठ-दहा दिवस वाळवायचा, कारण ओला साचा पाणी पीत नाही. वाळलेल्या साच्यात रबराचं दूध ओतलं की प्लास्टर त्यातलं पाणी शोषतं आणि आतून रबराची साय धरते. उरलेलं दूध परत डब्यात, साय वाळली की वर पावडर टाकून अलगद सोलायची. चेहरा हातात येतो, मऊ, लोंबता. पहिल्यांदा बघितला तेव्हा मला किळस आली होती, आता कौतुक वाटतं.

लवूला माणसाचा चेहरा दिसतो तो साचा कुठे अडकेल या हिशेबाने. माझी त्याची पहिली भेट झाली तेव्हा नमस्कार-चमत्कार सोडून तो माझ्या नाकाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमच्या नाकपुडीत साचो अडकतलो." मी अशी भडकले की उठून निघाले होते. त्याला कळेनाच की बाई का रागावली. तो धावत बाहेर आला आणि समजूत काढायला म्हणाला, "हनुवटी बाकी झकास आसा!"

आता साठीला टेकलाय. बाप गिरणीत होता, गाव आरवली, बायको असल्फ्याच्या चाळीतल्या घरी शिवणकाम करते. नावं त्याच्या लक्षात राहत नाहीत, तारखा राहत नाहीत. स्वतःच्या साडूशी तो एका लग्नात पाऊण तास बोलला आणि मग बायकोला विचारलं, "ह्यो कोण?" पण त्याच साडूचा चेहरा त्याने पुढे माझ्या कोतवालाला दिला, हुबेहूब, कानाच्या पाळीसकट. चेहरे त्याच्या बोटांत शिरतात, डोक्यात पोचत नाहीत. आणि गोंधळला की तो मालवणीत बोलतो, त्यामुळे बहुतेक वेळ तो मालवणीतच बोलतो.

गेल्या वर्षी मार्चमध्ये मी त्याच्याकडे एक भांडखोर म्हातारी मागितली. एप्रिलमध्ये त्याने दिली. मी तिचं नाव ठेवलं तंटाआजी. काय चेहरा होता! खालचा ओठ पुढे, एक भुवई वर, आणि डोळ्यांखाली अशी काही मऊ सुरकुती की भांडतानासुद्धा ती कुणाची तरी काळजी करतेय असं वाटायचं. पोरं खूश. दिवाळीच्या सुट्टीत एका उत्साही पोराने तिची मान ओढून फाडली, तेव्हा लवूने त्याच साच्यातून दुसरी काढून दिली. दुसरीच्या उजव्या गालावर तीळ होता. मी म्हटलं, हा कुठून आला? तर म्हणे, "आधी रवलो होतो, मगे घातलंय." राहिला होता तो नंतर घातला. मी फार विचार केला नाही. शोभत होता.

जानेवारीतल्या एका गुरुवारी बोरिवलीच्या एका वाचनालयात खेळ होता. खेळ संपला, मी पडद्यामागे बाहुल्या आवरत होते, तेवढ्यात पंचेचाळिशीची एक बाई सरळ आत आली आणि न विचारता तंटाआजी माझ्या हातातून काढून घेतली. मी चिडलेच. "अहो, ही काय पद्धत?" म्हणाले. तिने ऐकलंच नाही. बाहुलीच्या भुवईवरून अंगठा फिरवत म्हणाली, "ही माझी आई आहे."

तिचं नाव सुगंधा. तिथेच बोरिवलीत एका रक्ततपासणीच्या लॅबमध्ये काम करते. तिथल्या लाकडी बाकावर बसून तिने सांगितलं ते असं. वडील गेल्यावर आई, राधाबाई, सहा महिने मुलुंडला मुलाकडे, राजेशकडे असायची आणि सहा महिने बोरिवलीला सुगंधाकडे. सात वर्षांपूर्वी मुलुंडचे सहा महिने संपले तेव्हा राजेशने आईला पिशवी देऊन बोरिवलीच्या बसमध्ये बसवलं. त्याला वाटलं, पोचली. सुगंधाला वाटत होतं, आई अजून मुलुंडलाच आहे, यायचा दिवस काही पक्का ठरला नव्हता. पाचव्या दिवशी तिने सहज आईला फोन लावला. बंद. मग राजेशला लावला, आणि दोघांनी एकाच वेळी विचारलं, "आई तुझ्याकडेच आहे ना?"

"चार दिवस," सुगंधा म्हणाली. "चार दिवस माझी आई कुणाकडेच नव्हती, आणि आम्हाला पत्ता नव्हता."

पोलीस झाले, इस्पितळं झाली, नाशिकपर्यंतचे आश्रम झाले. आता राजेश थकला होता. माणूस मिळालंच नाही तर पळसाच्या पानांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, मग दिवस घालतात, गेलेल्याला गती मिळते. जुनी माणसं बारा वर्षं थांबा म्हणतात. राजेशला तेवढा दम नव्हता. सात वर्षांनी कायदाही माणूस गेलं असं धरतो, असं त्याला कुणा वकिलाने सांगितलं होतं. भटजी ठरले होते. येत्या मंगळवारी, अमावास्येला, पुतळा जळणार होता. सुगंधाने आजवर ते होऊ दिलं नव्हतं, पण नको म्हणायला आता तिच्याकडेही काही उरलं नव्हतं. अशात कुणीतरी लॅबमध्ये कागद लावून गेलं, बाहुल्यांचा खेळ, आणि ती भाचरांना घेऊन आली.

"फक्त एक," ती म्हणाली. "आईचा तीळ डाव्या गालावर. हिचा उजव्या. बाकी नखभरही फरक नाही. आता मला सांगा, ही ती आहे की नाही? ज्याने केली त्याने तिला पाहिलं असेल तर राजेशला थांबवते. नसेल पाहिलं, तर मीपण मंगळवारी जाऊन हात जोडते. मला आता एक काय ते कळू दे."

दुसऱ्या दिवशी मी तिला मरोळला घेऊन गेले.

लवूची जी काय त्रेधा उडाली! आधी त्याला वाटलं, चेहरा चोरला म्हणून बाई भांडायला आली आहे. "मनातनं केलंय," तो सारखा म्हणत राहिला. "तशी म्हातारी माझ्या मनात होती." सुगंधाने मोबाइलवर फोटो दाखवला. लवूने मान तिरपी केली, मोबाइल आडवा धरला, उलटा धरला. "फोटो माका कळणत नाय गो," म्हणाला. खोटं नव्हतं ते. सपाट चेहऱ्याचं तो काय करणार?

"काका, आठवा ना," सुगंधा म्हणाली. "कुठेतरी पाहिली असेल ना तुम्ही? बसमध्ये, देवळात, रस्त्यात?"

"पाहिली आसतली," लवू म्हणाला. मग, "नसतली पण." मग दोन्ही हात प्लास्टरच्या घमेल्यात घालून बसला, आणि प्लास्टर घट्ट होत आलं तरी हात काढायचं त्याला सुचलं नाही. मीच ओरडले तेव्हा काढले.

सुगंधा रडली नाही. "रविवारी सुट्टी असते, तेव्हा येते," एवढं बोलून कामावर गेली. मला लवूचा असा राग आला होता! एवढी चाळीस वर्षं माणसं बघितली आणि एक धड लक्षात नाही.

ती गेल्यावर लवूने तंटाआजीचा साचा फळीवरून काढला, दोरी सोडली आणि चेहऱ्याचा भाग मांडीवर घेतला. तुम्ही असा साचा कधी बघितला नसेल तर सांगते, खोलगट चेहरा बघताना तो आपल्याकडे बघतोय असाच भास होतो. प्रत्यक्षात तो आपल्याला पाठमोरा असतो, पलीकडे बघत असतो. लवूने डोळे मिटले आणि आत अंगठा घातला. भुवई, नाक, गाल. गालावरच्या बारीक खड्ड्याशी अंगठा थांबला.

"बाई," तो म्हणाला, "ह्यो तीळ मातीत नव्हतो. ह्यो मी साच्यात खणलंय. खिळ्यान."

म्हणजे कसं, ते मला त्याच्याकडून तीन वेळा ऐकावं लागलं. साच्यात बारीक खड्डा केला की त्यात रबर बसतं आणि बाहुलीच्या गालावर तीळ उठतो. आता समोर उभ्या असलेल्या बाईचा डावा गाल आपल्या उजव्या हाताला येतो. लवूने तीळ आपल्या उजव्या हाताला बघितला आणि साच्यातही आपल्या उजव्या हाताला खणला. पण साच्यातला चेहरा पाठमोरा. तिथे आपली उजवी बाजू ती त्याचीही उजवी बाजू. म्हणून डाव्या गालाचा तीळ उजव्यावर गेला. ही चूक बाहुलीच्या साचेवाल्याखेरीज जगात कुणी करू शकत नाही, आणि साचेवाल्यांतही ती लवूच करणार.

मी उठूनच उभी राहिले. "म्हणजे अहो, तीळ चुकीच्या गालावर आहे म्हणूनच ती खरी! मनातनं केला असतात तर तीळ कुठेही चालला असता. तुम्ही डाव्या गालावर तीळ असलेली बाई पाहिली आहे. आणि एकदा नाही, दोनदा. चेहरा आधी, तीळ नंतर."

लवूने साचा पालटला. मागे पेन्सिलीने तारखा होत्या, एक नेहमीप्रमाणे साचा ओतल्याची, मार्चमधली, आणि खाली 'तीळ, १९ मे'. तो त्या तारखेकडे बघत राहिला. मग त्याने नाक फेंदारलं, जणू तारखेला वास येत होता.

"बोंबील," तो म्हणाला.

मे महिन्यात लवू पावसाळ्याची बेगमी करायला गोराईला जातो. दर वर्षी. बोरिवलीहून बोटीने खाडी ओलांडायची, तिथल्या फिलूबाईकडून वर्षभराचे सुके बोंबील घ्यायचे. गेल्या वर्षी तो पोतं घेऊन थेट गाळ्यावर आला होता आणि वासावरून फायबरवाल्यांशी त्याची बाचाबाची झाली होती, म्हणून तो दिवस लक्षात. मार्चमध्येही चव बघायला गेला होता. फिलूबाईकडे बोंबील वाळत घालणारी एक म्हातारी असते. मार्चमध्ये तिने उन्हासाठी पदर गालावर ओढला होता. मेमध्ये तो सरकला, आणि लवूला तीळ दिसला.

मी सुगंधाला लावायला मोबाइल काढला. लवूने तो माझ्या हातातून जवळजवळ हिसकावला. "नको बाई! आधी बघूया. माझा चुकला आसला तर? माझा चुकताच." हे मात्र खरं होतं.

शनिवारी आम्ही दोघं गोराईला गेलो. बोटीत दहा-बारा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. सुगंधाच्या लॅबपासून बोटीचा धक्का रिक्षाने वीस मिनिटं. नाशिकपर्यंत शोधून आले, आणि खाडीच्या पलीकडे बघायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. माझ्याही आलं नसतं.

बांबूच्या आडव्या काठ्यांवर बोंबील टांगलेले होते, जोडीजोडीने, जबड्यात जबडा अडकवून. त्यांच्यापलीकडे ती उभी होती. मला लवूच्या मदतीची गरज पडली नाही. इतके महिने मी त्या चेहऱ्यात बोटं घालून बोलत होते. खालचा ओठ पुढे, एक भुवई वर, आणि डाव्या गालावर तीळ. ओळखीचं माणूस भेटावं तसं झालं, आणि मी तिला ओळखतच नव्हते.

"राधाबाई?" मी म्हटलं.

तिने हातातले बोंबील काठीवर नीट टांगले, मग वळली. "कोणी धाडल्यान तुमका?"

मी एका दमात सगळं सांगितलं, बाहुली, तीळ, सुगंधा, सगळं. ती ऐकत होती. फिलूबाईने आतून तीन खुर्च्या आणून ठेवल्या आणि न बोलता निघून गेली. शहाणी बाई. मला नसतं जमलं.

"मी हरवलंय नाय," राधाबाई म्हणाली. "बोरिवलीच्या स्टॉपवर उतरलंय. हातात पिशवी. सुगंधाच्या दारात गेलंय तर सहा महिने पिशवीतले कपडे पिशवीतच ऱ्हवणार, मगे परत मुलुंड. माझे पाय वळानत ना. समोर गोराईची रिक्षा लागलेली, बसलंय. म्हटलं चार दिवस समुद्र बघूया. फिलूने जागा दिल्यान."

"अहो पण एक फोन करायचा!" मी म्हणाले. मला राग आवरत नव्हता. "मुलगी वेडी व्हायची राहिली आहे."

"फोन चालू होतो," ती म्हणाली. "चार दिवस उशाशी घेऊन निजलंय. म्हटलं बघूया, कोण आधी विचारता, आई पोचली काय. चौथ्या रात्री तो बंद पडलो. चार्जर मुलुंडाक रवलेलो." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "फिलूचो चार्जर लागत होतो त्याका. मी लावलंय नाय. राग होतो. मगे राग गेलो, पण तोवर इकडे माझी फळी झाली."

"फळी?" मी विचारलं.

तिने आत बोट दाखवलं. भिंतीवर एक लाकडी फळी होती. त्यावर घडी केलेल्या चार साड्या, एक फणी, एक डबा. एवढंच. ती पिशवी कुठे दिसली नाही.

पाचव्या दिवशी सुगंधाने फोन लावला होता, हे मी तिला सांगितलं. राधाबाईने बराच वेळ पदराने हात पुसले, हात कोरडेच होते. मग मंगळवारचा पुतळा आणि अग्नी, तेही मी सांगितलं. मला वाटलं, आता तरी उठेल.

"करू दे राजेशाक," ती म्हणाली. "त्याचो जीव सुटात. पोरांक एकदा गेली म्हटलं की कळता. हयात आसा आणि येणा नाय, ह्या कसा कळतला?"

तिने बाहुली मागितली. मी पिशवीतून काढून दिली. तिने ती हातात चढवली, तोंड वाकडं करून बघितलं, आणि हसली. मग तीळ बघितला.

"उजव्या गालाक? मगे झाला तर. सुगंधाक सांगा, तीळ जुळणत नाय, दुसरीच कोण ती." आणि ती लवूकडे वळली. "गाव खयचा तुमचा?"

"आरवली," लवू म्हणाला.

"मगे वेतोबाची आण घ्या. माझा नाव तिका सांगूचा नाय."

आरवलीच्या माणसाने गावच्या देवाची, वेतोबाची आण घेतली की संपलं. लवूने माझ्याकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, काठीवरच्या बोंबलांकडे बघितलं, आणि घेतली. मी थक्क झाले. परतीच्या बोटीत मी त्याला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. नंदीबैलासारखी मान हलवलीत, हा त्यातला सौम्य भाग.

"मला कुणी आण घातलेली नाही," मी म्हणाले. "मी सुगंधाला सांगणार."

"नको बाई. साचो माझो, चूक माझी. मीच बोलतलंय तिच्याशी."

"काय बोलणार?"

"माका म्हायत नाय," लवू म्हणाला. त्याचे डोळे भरले होते. "ती म्हातारी बरोबर बोलता, आणि ती पोर पण बरोबर. आता माझा काय करूचा?"

माझंही तसंच झालं होतं. आईची बाजू ऐकली की मुलीचा राग यायचा, मुलगी आठवली की आईचा. रात्रभर मी दोघींशी मनातल्या मनात भांडले.

रविवारी अकराला सुगंधा आली. आज ती नीट नेसून आली होती, उत्तर काहीही असलं तरी ते ऐकायची तयारी करून. लवूने तिला स्टूल दिलं, स्वतः पोत्यावर बसला आणि साचा मांडीवर घेतला.

"तीळ जुळणत नाय," तो म्हणाला. "दुसरीच कोण आसतली."

मी दात आवळून बसले. सुगंधाने मान हलवली. एकदा, मग पुन्हा. "बरं झालं," ती म्हणाली. "म्हणजे बरं नाही, पण आता संपलं. राजेशला सांगते, मी येते मंगळवारी." ती उठली, पदर सारखा केला. "काका, तुमची काही चूक नाही. माझंच चुकलं. मी पाचव्या दिवशी फोन केला. मला रोज वाटतं, चौथ्या दिवशी केला असता तर? तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पुतळ्याला हात जोडून तेवढीच माफी मागेन."

मी उठले. आता मी बोलणारच होते, तोंड उघडलंही होतं. पण लवूने माझा हात धरला. इतक्या वर्षांत त्याने मला कधी हात लावला नव्हता.

"सुगंधा," तो म्हणाला. तिचं नाव त्याच्या लक्षात होतं, मी नवलाने त्याच्याकडे बघितलं. "उद्या मी गोराईक जातंय. सकाळी. बोंबील आणूक."

ती दारात थांबली. "बरं," म्हणाली. तिला काही कळलं नव्हतं.

"ओझा जड होता. ह्या वयात माका झेपणत नाय. तू येशीत?"

"मी?" सुगंधा म्हणाली. "काका, मी बोंबील खात नाही. आमच्याकडे आईच तेवढी खायची."

"खाव नको. उचलूक ये," लवू म्हणाला. "उद्याच ये. परवा नको. परवा... उशीर होतलो."

सुगंधा लवूकडे बघत होती. मग माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, कारण माझ्या चेहऱ्यावर काय होतं ते मलाच माहीत नव्हतं. वेतोबाला त्याने नाव सांगणार नाही असं म्हटलं होतं, आणि त्याने सांगितलंही नाही. त्या म्हातारीला दिलेला शब्द त्याने पाळला की मोडला, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि लवूला तर नाहीच नाही.

सुगंधाने खांद्याची पर्स काढून स्टुलावर ठेवली, पुन्हा उचलली, पुन्हा ठेवली. मग खाली बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर घट्ट दाबून धरले, आणि शाळेतली पोर विचारते तसं अगदी हळू विचारलं,

"पहिली बोट किती वाजता सुटते?"